यीस्टचे पाकीट घेण्यापूर्वी

भिवंडीत यंत्रमागाची पाळी बदलते तेव्हा चहाच्या टपऱ्यांवर गरम पावाच्या लाद्या उतरत असतात. मागावरचा कामगार, मग तो आजमगढचा असो की मालेगावचा, चहात बुडवलेल्या पावावर किंवा ब्रूनवर पाळी काढतो. मोहल्ल्यामोहल्ल्यात बेकरी, बेकरीत पाव, खारी, टोस्ट आणि नानखटाई. रमजानच्या शेवटच्या दिवसांत तर नानखटाईचे सामान घरी मळून, पत्र्यावर मांडून, भट्टीवर भाजून आणण्याचा रिवाज आजही अनेक घरांत आहे. त्यामुळे घरी पाव करण्याची गरज इथल्या बायकांना फारशी भासली नव्हती.

आता चित्र बदलले आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये अनेक मुलींनी घरात बसून पाव, बन, पिझ्झा करायला घेतले. काहींनी पुढे त्यातून ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. इफ्तारसाठी चिकन भरलेले बन, ईदसाठी शीरमाल, वाढदिवसाला पिझ्झा. घरखर्चाला हातभार लावणारे हे काम आहे, आणि एकदा पीठ बिघडले की मैदा, लोणी, दूध, गॅस आणि गिऱ्हाईक असे सगळेच जाते. बहुतेक वेळा बिघाड होतो तो एका चमचाभर वस्तूमुळे. ती वस्तू म्हणजे यीस्ट. तिच्याबद्दल आमच्या भगिनी दोन प्रश्न हमखास विचारतात. हे हलाल आहे का? आणि दुकानात चार प्रकार दिसतात, त्यातले कोणते घ्यायचे? दोन्ही प्रश्न नीट उत्तर देण्याजोगे आहेत.

यीस्ट ही पावडर किंवा रसायन नाही. तो बुरशीच्या जातीचा एकपेशीय जीव आहे. शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. साखर खायची आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू आणि अल्कोहोल बाहेर टाकायचे, हे त्याचे काम. वायू पिठात अडकतो म्हणून पीठ फुगते. हे काम जिवंत पेशी करतात, ही गोष्ट फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८५० च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगांनी दाखवली. त्यापूर्वी हजारो वर्षे माणूस खमिराची रोटी खात होता, पण आत काय चालते हे त्याला ठाऊक नव्हते.

अल्कोहोल हा शब्द आला की आपल्या घरांत हात थबकतो. थबकावाच. पण पुढचे समजून घेऊ. पाव भाजताना त्याच्या गाभ्याचे तापमान ९५ अंशांच्या आसपास पोचते आणि अल्कोहोल ७८ अंशांनाच उकळू लागते. त्यामुळे पिठात तयार झालेले अल्कोहोल बहुतांशी वाफेबरोबर निघून जाते. मागे राहतो तो इतका अल्प अंश, की पाव कितीही खाल्ला तरी नशा येत नाही. असा अंश पिकलेल्या केळ्यातही सापडतो.

आपल्या भाषेतला ‘खमीर’ हा शब्द अरबी आहे आणि त्याचे कुळ पाहण्यासारखे आहे. खे, मीम, रे या तीन अक्षरांच्या धातूत झाकण्याचा अर्थ आहे. डोके झाकते ती ‘खिमार’ म्हणजे ओढणी. बुद्धीवर पडदा टाकते ती ‘खम्र’ म्हणजे दारू. आणि झाकून ठेवले की उमलते ते ‘खमीर’. शब्दांचे कूळ एक असले म्हणून वस्तू एक होत नाहीत. दिल्ली-लखनौची खमिरी रोटी, नान आणि शीरमाल पिढ्यान्‌पिढ्या मुसलमानांच्या दस्तरखानावर आहेत, आणि त्या सगळ्या खमिरावरच उभ्या आहेत. आम्ही मुफ्ती नाही. मनात शंका उरलीच तर आपल्या आलिमांना विचारावे, पण विचारताना ‘पावात दारू घालतात का’ असे विचारण्याऐवजी ‘पिठात खमीर धरते’ हे नीट सांगून विचारावे. अर्धवट माहितीवर घेतलेले उत्तरही अर्धवटच असते.

शंका अगदी निराधार होती असेही नाही. आपल्या किनाऱ्यावर पीठ फुगवायला पूर्वी खरोखर ताडी वापरत. गोव्याचे पोदेर पावात माडाची सूर घालत आणि तिथले सान्नेही सुरीवर फुगत. सुरतेत डच लोकांनी पारशी कारागिराच्या हाती सोपवलेल्या बेकरीची गोष्ट सांगतात, तिथेही पाव ताडीवर फुगवला जाई असे म्हणतात. आपल्याकडे भिवंडी आणि आसपासच्या गावांतील कोकणी मुसलमानांच्या घरांत सांदण होते. फणसाच्या किंवा आंब्याच्या रसाचे जे सांदण इतर कोकणी घरांत करतात ते हे नव्हे. हे तांदळाचा रवा आणि नारळाचे दूध फुगवून वाट्यांत वाफवलेले, जाळीदार, पांढरेशुभ्र असते. जुन्या पद्धतीत त्यालाही ताडी लागे.

ताडी फुगवते कशाने? तिच्यातल्या यीस्टनेच. झाडावरून उतरलेला ताजा रस, म्हणजे नीरा, गोड असतो. आपल्या उष्ण हवेत काही तासांत हवेतले आणि मडक्यातले यीस्ट त्यातली साखर खाऊ लागते आणि नीरेची ताडी होते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर ताडी परवान्याची वस्तू झाली. त्यातच घरोघरी मनाला संकोचही होताच, कारण फसफसलेली ताडी नशा आणते, यात शंका नाही. म्हणून कुणी सांदणात सोडा घालू लागले, कुणी सांदण करणेच सोडले. सोड्याने सांदण फुगते, पण चव साबणासारखी लागते आणि जाळी धरत नाही. पाकिटातले यीस्ट हे त्या ताडीतले फुगवण्याचे काम तेवढे घेते. ताडी घेत नाही. सांदण पुन्हा घराघरांत होऊ लागले आहे ते या चमचाभर दाण्यांमुळेच.

बेकरीचे यीस्ट दारूच्या भट्टीतून येते, हा दुसरा गैरसमज. बिअर तयार झाल्यावर तळाशी उरणारे यीस्ट वेगळे. ते ‘ब्रुअर्स यीस्ट’ या नावाने गोळ्या किंवा पावडर म्हणून विकले जाते आणि त्याने पीठ फुगत नाही. पावासाठीचे ‘बेकर्स यीस्ट’ कारखान्यात साखरेच्या मळीवर वाढवतात. तिथे भरपूर हवा खेळवली जाते, कारण हवा मिळाली की यीस्ट अल्कोहोल बनवण्याऐवजी स्वतःची संख्या वाढवते. मग ते धुऊन, गाळून, दाबून किंवा सुकवून पाकिटात भरतात. तेव्हा दुकानात मागताना ‘बेकर्स यीस्ट’ मागावे.

पाकिटावर पाहण्यासारखी एक गोष्ट मात्र खरोखर आहे आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते. सुक्या यीस्टच्या पाकिटावर घटकांमध्ये यीस्टच्या जोडीला ‘इमल्सिफायर ४९१’ असे लिहिलेले असते. हे सॉर्बिटन मोनोस्टिअरेट. सुकताना पेशी फार कोरड्या पडू नयेत म्हणून ते घालतात. ते बनते स्टिअरिक आम्लापासून, आणि हे आम्ल वनस्पतीच्या तेलातून काढता येते तसे जनावराच्या चरबीतूनही. आपल्या देशात हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे पदार्थ शाकाहारी आहे. तो ठिपका किंवा हलाल प्रमाणपत्राची खूण दिसली की चरबीची शंका मिटली. सुटे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले यीस्ट घेतले तर ना ठिपका दिसतो, ना घटक, ना तारीख. दोन-चार रुपये वाचवण्यासाठी ते घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता प्रकार. बेकरीवाले वापरतात ते ताजे, दाबलेले यीस्ट. पनीरसारखी फिकट पिवळसर वडी, हाताने चुरगळली जाते, वास पिकल्या फळासारखा. त्यात सुमारे सत्तर टक्के पाणी असते, म्हणून ते फ्रीजमध्येच ठेवावे लागते आणि तिथेही दोन-तीन आठवड्यांपलीकडे भरवसा नाही. भिवंडीत २००७ च्या जानेवारीत वीजवितरण फ्रँचायझीकडे गेले. त्याआधीचे तासन्‌तासांचे भारनियमन ज्यांना आठवते, त्यांना फ्रीजवर अवलंबून असलेल्या वस्तूचा भरवसा किती हे सांगायला नको. बेकरीत रोज पोतीच्या पोती मैदा मळला जातो, वडी दोन दिवसांत संपते. घरात महिन्यातून दोनदा पाव होत असेल तर ताजे यीस्ट घेणे म्हणजे अर्धे फेकणे. वडीवर तपकिरी डाग पडले, ती चिकट झाली किंवा आंबट उग्र वास आला तर ती कामातून गेली.

दुसरे, दाणेदार सुके यीस्ट, पाकिटावर ‘ॲक्टिव्ह ड्राय’. खसखशीपेक्षा मोठे, गोल दाणे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला फ्रीजशिवाय टिकणारे यीस्ट हवे होते, तेव्हा हे पुढे आले. याच्या दाण्यावर मेलेल्या पेशींचे कवच असते, म्हणून ते आधी कोमट पाण्यात भिजवून जागे करावे लागते. थेट पिठात टाकले तर दाणे तसेच राहतात आणि पाव दगड होतो.

तिसरे, ‘इन्स्टंट’. लेसाफ्र या फ्रेंच कंपनीने ते १९७३ मध्ये आणले. दाणे बारीक, रव्यापेक्षाही सडपातळ. हे थेट मैद्यात मिसळता येते, भिजवण्याची गरज नाही. घरासाठी आम्ही याचीच शिफारस करतो. कमी लागते, लवकर कामाला लागते आणि चुका पोटात घालते.

रेसिपीत एक प्रकार लिहिलेला असतो आणि घरात दुसरा असतो, तिथे गफलत होते. हिशेब सोपा आहे. ताजे यीस्ट १० ग्रॅम सांगितले असेल तर दाणेदार ५ ग्रॅम आणि इन्स्टंट साडेतीन ते चार ग्रॅम. चहाचा एक सपाट चमचा इन्स्टंट यीस्ट म्हणजे सुमारे ३ ग्रॅम. बेकरीतल्या कारागिराकडून प्रमाण विचारून आणाल तर ते ताज्या यीस्टचे असेल, हे विसरू नये. तेवढेच इन्स्टंट घातले की पाव ताडीसारखा वास मारतो.

आणि चौथे, ज्याबद्दल कुणी सांगत नाही. इन्स्टंटमध्येच गोड पिठासाठी वेगळे यीस्ट मिळते. काही कंपन्या साध्यासाठी लाल आणि गोडासाठी सोनेरी पाकीट देतात. साखर हे यीस्टचे अन्न खरे, पण ती फार झाली की यीस्टच्या पेशीतले पाणीच ओढून घेते. लोणच्यात मीठ जे करते तेच. मैद्याच्या दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे अर्धा किलोला ५० ग्रॅम साखरेपर्यंत साधे यीस्ट चालते. मावा बन किंवा गोड भरलेल्या बनात साखर त्याहून जास्त जाते. तिथे पीठ दोन तास झाले तरी हलत नाही आणि आपल्याला वाटते यीस्ट खराब. सोनेरी पाकीट याच कामासाठी आहे. ते न मिळाल्यास साधे यीस्ट सव्वापट घ्या, साखरेचा काही भाग सारणात घाला आणि वेळ द्या. शीरमालमध्ये साखर बेताची पण तूप आणि दूध भरपूर असते. चिकटपणा धरण्याआधीच तूप घातले तर पीठ जड होते, म्हणून आधी दुधात मळून घ्या आणि तूप शेवटी जिरवा.

सर्वात जास्त नुकसान होते ते हवामानामुळे. पुस्तकांतल्या आणि मोबाइलवरच्या बहुतेक रेसिपी थंड देशांच्या चालीवर लिहिलेल्या असतात. ‘उबदार जागी दीड तास ठेवा’ असे त्या म्हणतात. मे महिन्यात भिवंडीच्या स्वयंपाकघरात, वर पत्रा तापलेला असताना, उबदार जागा शोधावी लागत नाही. यीस्टला पीठ २६ ते २८ अंशांवर आवडते. ३६ अंशांत तेच पीठ अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होते, आणि आपण दीड तास थांबलो तर ते फुगून, खचून, आंबट होऊन बसते. म्हणून घड्याळ पाहू नये, पीठ पाहावे. भांड्यावर बाहेरून खूण करून ठेवा, पीठ दुप्पट झाले की पुरे. बोट पिठात दाबून काढा. खळगा हळूहळू अर्धवट भरून आला तर पीठ तयार, झटकन भरला तर थोडा वेळ हवा, अजिबात भरला नाही तर उशीर झाला.

अर्धा किलो मैद्याला पावसाळ्यात दीड चमचा इन्स्टंट ठीक. उन्हाळ्यात एकच चमचा घ्यावा आणि पाणी माठातले किंवा फ्रीजमधले वापरावे. जानेवारीच्या थंडीत दीड-पावणेदोन चमचे आणि कोमट पाणी. मीठ दीड चमचा, साखर दोन मोठे चमचे, लोणी किंवा तेल दोन मोठे चमचे, पाणी सुमारे ३२० मिली. मैद्याप्रमाणे पाणी थोडे कमी-जास्त होईल, आणि पावसाळ्यात मैदाच ओलसर असतो म्हणून थोडे हात राखून घालावे. यीस्ट आणि मीठ कोरडे एकावर एक टाकू नये. मीठ मैद्यात मिसळून घ्यावे, मग यीस्ट.

पाणी किती कोमट? मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहावा, बाळाच्या दुधाचा पाहतो तसा. नुसते ऊबदार वाटले पाहिजे. चटका बसला तर त्या पाण्याने यीस्ट मरेल. ५५-६० अंशांपुढे ते वाचत नाही. ‘यीस्ट घातले पण पीठ आलेच नाही’ या तक्रारींपैकी पुष्कळ गरम पाण्याच्या असतात. पाकीट जुने वाटत असेल तर मैदा भिजवण्याआधी परीक्षा घ्या. अर्धा कप कोमट पाणी, एक चमचा साखर, एक चमचा यीस्ट. दहा मिनिटांत वर फेसाची जाड साय आली तर वापरा, नाही आली तर फेका. मैदा वाचतो.

रमजानमध्ये या सगळ्याला वेळ कुठून आणायचा, हा भगिनींचा रास्त सवाल आहे. त्यावर उपाय फ्रीजचा. सहरीच्या वेळी अर्धा किलो मैदा फक्त पाऊण चमचा इन्स्टंट आणि गार पाण्यात मळून, झाकून फ्रीजमध्ये ठेवा. थंडीत यीस्ट मरत नाही, नुसते संथ होते. जोहरनंतर बाहेर काढा, गोळे करा, अस्रपर्यंत ते फुगतात, आणि २०० अंशांवर अठरा-वीस मिनिटांत पाव तयार. अशा संथ पिठाची चव घाईच्या पिठापेक्षा कितीतरी चांगली लागते. रोजा असताना चव पाहता येत नाही, ही अडचणही कमी होते, कारण मीठ-साखर सहरीलाच चाखून झालेली असते.

घाईवरून आठवले. बेकरी सामानाच्या दुकानात यीस्टशेजारी ‘ब्रेड इम्प्रूव्हर’ म्हणून पुडी देतात. पूर्वी अशा पुड्यांमध्ये पोटॅशियम ब्रोमेट असे. २०१६ मध्ये दिल्लीतील सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने पावांच्या नमुन्यांत ते दाखवून दिले आणि त्याच वर्षी त्याच्या वापरावर देशात बंदी आली. घरच्या पावाला कुठल्याही पुडीची गरज नाही. वेळ आणि मळणी पुरते.

ज्यांना पाकीटच नको त्यांनी घरचे खमीर करावे. दोन मोठे चमचे मैदा, एक चमचा दही, चिमूटभर साखर, थोडे कोमट पाणी, रात्रभर झाकून. सकाळी बुडबुडे दिसतात. यात यीस्टबरोबर दह्यातले जिवाणूही काम करतात, म्हणून रोटीला हलकी आंबट चव येते. तंदुरी रोटी आणि नानला ते छान. पावासाठी मात्र त्याचा जोर पुरत नाही, आणि ऑर्डरच्या कामात तर त्याच्यावर विसंबू नये. आज फुगले तसे उद्या फुगेलच असे नाही.

आता सांदणाचे प्रमाण, कारण ते विचारल्याशिवाय कुणी राहणार नाही. तीन वाट्या तांदळाचा जाडसर रवा दोन तास भिजवून निथळावा. त्यात दोन वाट्या नारळाचे घट्ट दूध, एक वाटी साखर, चिमूटभर मीठ आणि एक चमचा इन्स्टंट यीस्ट. नारळाचे दूध नुकते काढलेले, कोमट असावे, उकळते नको. पीठ इडलीच्या पिठाइतके सैल ठेवून मोठ्या भांड्यात झाकावे, कारण ते दुप्पट होते आणि छोटे भांडे उतू जाते. तास-दीड तासाने, उन्हाळ्यात त्याहीआधी, बुडबुडे वर आले की न ढवळता तेल लावलेल्या वाट्यांत अर्ध्यापर्यंत ओतावे आणि पंधरा मिनिटे वाफवावे. बिनगोड हवे असेल तर साखर दोन चमचेच घाला. अगदी वगळू नका, यीस्टला तेवढी लागते.

इन्स्टंटचे मोठे, अर्ध्या किलोचे पाकीट किलोमागे स्वस्त पडते, पण ते उघडले की हवा आणि दमट वारा यीस्टला लागतो. इथल्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेले उघडे पाकीट महिन्याभरात अर्धमेले होते. तीन-चार घरांनी मिळून एक पाकीट घ्यावे, कोरड्या काचेच्या बरण्यांत वाटून घ्यावे, बरणीवर तारीख लिहावी आणि ती फ्रीजरमध्ये ठेवावी. तिथे ते चार-सहा महिने सहज टिकते. काढताना चमचा कोरडा हवा, आणि लागेल तेवढे काढून बरणी लगेच परत आत ठेवावी.